हनुवटीवरचे मुरूम, गालावरचा वांग: तिशीनंतर हार्मोन्सचा माग कसा काढायचा

कॉलेजात असताना माझे मुरूम कपाळावर असायचे. बत्तिशीत ते हनुवटीवर उतरले, तेव्हा मी आधी फेसवॉश बदलला. मग उशीचे अभ्रे रोज धुवायला टाकले. मग शेंगदाणे बंद केले, कारण शेजारच्या काकूंच्या मते ते उष्ण पडतात. सहा महिने असे गेल्यावर एका मैत्रिणीने सहज विचारलं, "पाळीच्या आधी येतात का गं?" मोबाइलमधले जुने सेल्फी आणि पाळीच्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या. दर महिन्याला, तारखेच्या आठवडाभर आधी, जबड्याच्या कडेला दोन-तीन दुखऱ्या गाठी. शेंगदाणे बिचारे उगाच बदनाम झाले होते.

तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून हा लेख. चेहऱ्यावरचे डाग आणि मुरूम कुठे येतात आणि कधी येतात, एवढं नीट पाहिलं तरी निम्मं निदान रक्त काढण्याआधीच होतं. आपल्याकडे मात्र उलटं चालतं. आधी मेडिकलमधून ट्यूब, मग पार्लरमध्ये फेशियल, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून पीसीओडीची, म्हणजे पाळी आणि हार्मोन बिघडवणाऱ्या अंडाशयाच्या त्रासाची, सोनोग्राफी, आणि सगळं करून दमल्यावर त्वचारोगतज्ज्ञ.

पायरी १: जे दिसतंय त्याला नाव द्या

'चेहरा खराब झालाय' असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात बरेच निरनिराळे प्रकार मिसळलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

पहिला प्रकार मुरमांचा. पंचविशीनंतर येणारे हार्मोनचे मुरूम साधारणपणे चेहऱ्याच्या खालच्या तिसऱ्या भागात असतात: हनुवटी, जबड्याची कड, मानेचा वरचा भाग. ते खोल असतात, दाबल्यावर दुखतात, आठवडा-दोन आठवडे आत बसून राहतात आणि बऱ्याचदा त्यांना तोंडच नसतं. कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक, एकसारखी पुरळ असेल तर आधी डोक्याच्या तेलाकडे पाहा. रात्री तेल चोपडून झोपणाऱ्यांना ही हमखास होते आणि तिचा हार्मोन्सशी संबंध नसतो.

दुसरा प्रकार मुरमांमागे राहणाऱ्या डागांचा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत कुठेही दाह झाला की रंग बनवणाऱ्या पेशी जादा रंग ओततात. मुरूम चार दिवसांत जातो, डाग चार-सहा महिने राहतो. फोडलेल्या मुरमाचा डाग त्याहून जास्त. क्लिनिकमध्ये 'माझे डाग घालवा' म्हणून येणाऱ्या पुष्कळ जणींना खरं तर नवे मुरूम थांबवायची गरज असते. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही.

तिसरा वांग. दोन्ही गालांवर जवळजवळ सारख्या आकाराचे, तपकिरी, नकाशासारख्या कडांचे सपाट डाग. सोबत बहुधा कपाळ, नाकाचा दांडा आणि वरच्या ओठावरचा भाग. खाज नाही, खवले नाहीत. वरच्या ओठावरच्या वांगाला कित्येकजणी 'थ्रेडिंगने काळं पडलं' समजतात.

चौथा मानेचा काळपटपणा. मानेच्या मागे, काखेत, कधी जांघेत त्वचा काळी, जाडसर आणि हाताला मखमलीसारखी लागते. घरोघरी याला मळ समजून वजरीने, काथ्याने, लिंबाच्या सालीने घासलं जातं. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते, आणि जितकं घासाल तितकी कातडी आणखी जाड आणि काळी होते. शाळकरी मुलींच्या माना घासून लाल करणाऱ्या आयांना हे कुणीतरी सांगायला हवं.

काही सोंगंही असतात. बोटांच्या पेरांवर, सांध्यांवर काळपटपणा आला असेल तर ब-१२ तपासा, विशेषतः तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल तर. कपाळाच्या कडेला आणि कानांपुढे राखाडी-तपकिरी छटा येत असेल आणि केसांना काळा डाय लावत असाल, तर संशय आधी डायवर घ्या. काळ्या डायमधल्या पीपीडी या रसायनाची अॅलर्जी पुष्कळांना असते. कुंकू आणि टिकलीच्या जागेपुरता डाग असेल तर उत्तर आरशातच दिसतंय.

आत काय चालतं

हे थोडं समजून घेतलंत तर पुढे डॉक्टर जे सांगतील ते पटेल.

त्वचेतल्या तेलग्रंथी अँड्रोजेन गटाच्या हार्मोन्सचं ऐकतात. ही पुरुषी हार्मोन्स म्हणून ओळखली जात असली तरी प्रत्येक स्त्रीच्या अंडाशयात आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत ती तयार होतात. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेलं असतं; त्यातलं मुख्य प्रथिन एसएचबीजी. बांधलेलं निष्क्रिय, मोकळं तेवढं कामाचं. हे मोकळं टेस्टोस्टेरॉन तेलग्रंथीत पोचलं की तिथलं एक एन्झाइम त्याचं आणखी जहाल रूप बनवतं, डीएचटी. ग्रंथी जास्त तेल सोडते, रंध्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, हा खेळ ग्रंथीच्या आतही चालतो. म्हणून प्रौढ वयात मुरूम येणाऱ्या बहुतेक स्त्रियांचे रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात. हार्मोन बेताचं असतं, ग्रंथी मात्र त्याला जास्त भुलते. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे हार्मोनचा प्रश्न नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. दोन, इन्सुलिन. ते वाढलं की अंडाशय जादा टेस्टोस्टेरॉन बनवतं आणि यकृत एसएचबीजी कमी बनवतं. म्हणजे माल जास्त आणि बांधून ठेवणारे हात कमी. पीसीओएसमध्ये (बोलताना आपण त्यालाच पीसीओडी म्हणतो) मुरूम, हनुवटीवरचे राठ केस आणि काळी मान एकत्र दिसतात त्याचं एक मोठं कारण हे.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात इस्ट्रोजेन उतरतं आणि अँड्रोजेनचं पारडं तुलनेने जड होतं. चाळिशीच्या उत्तरार्धात, पाळी जाण्याच्या सुमारास, हेच पारडं कायमचं झुकतं. म्हणून पन्नाशीच्या बाईला एकाच वेळी कोरडी त्वचा, हनुवटीवर दोन जाड केस आणि मुरूम असू शकतात. ती गोंधळते, कारण तेलकट त्वचेचं क्रीम लावलं तर भगभगतं आणि कोरड्या त्वचेचं लावलं तर मुरूम येतात.

वांगाची गोष्ट निराळी. रंगपेशींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन चिथावतात, म्हणून गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर तो पहिल्यांदा दिसतो. पण हार्मोन एकटं काही करत नाही. त्याला ऊन लागतं आणि बऱ्याचदा घराण्याचा वारसाही. आईला किंवा मावशीला होता का, विचारा.

पायरी २: तीन पाळ्यांची वही

अॅप वापरा किंवा भिंतीवरचं कालनिर्णय, चालेल. तीन महिने एवढंच टिपा: पाळी कधी आली, किती दिवस टिकली, नवा मुरूम कोणत्या तारखेला कुठे आला. दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीसमोर, एकाच वेळी, मेकअप आणि फिल्टरशिवाय तीन फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून. शिवाय त्या काळात बदललेल्या गोष्टी: गर्भनिरोधक गोळी, हार्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी आययूडी, प्रोटीन पावडर, केसांचं नवं तेल, कुठलंही स्टेरॉइड.

पाळ्या २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतराने येत असतील, किंवा वर्षात आठपेक्षा कमी येत असतील, तर तीन महिने थांबू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आत्ताच जा.

पायरी ३: आरशात मानेखालीही बघा

अंघोळीआधी पाच मिनिटं. हनुवटी, वरचा ओठ, छातीचा मध्यभाग, बेंबीखालची रेघ, मांड्यांचा आतला भाग इथे जाड काळे केस वाढलेत का? बारीक लव सगळ्यांना असते. इथे राठ केसांबद्दल बोलतोय. भांग रुंद झालाय का? मान, काखा काळ्या आहेत का? कंबर गेल्या दोन वर्षांत किती वाढली? थ्रेडिंग किंवा लेझर करत असाल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, नाहीतर त्यांना चेहरा स्वच्छ दिसतो आणि महत्त्वाची खूण निसटते.

पायरी ४: कोणत्या तपासण्या, कधी

पाळी नियमित, केस वाढलेले नाहीत, मान स्वच्छ, फक्त पाळीआधी मुरूम: अशा वेळी बऱ्याचदा हार्मोनच्या तपासण्यांची गरजच नसते. थेट उपचार सुरू होतो. लॅबच्या जाहिरातीतलं 'संपूर्ण हार्मोन पॅकेज' घेण्याआधी हे लक्षात ठेवा.

गरज असेल तेव्हा डॉक्टर साधारणपणे एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, अधिवृक्क ग्रंथींसाठी डीएचईए-एस आणि १७-हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन, दूध आणणारं हार्मोन प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच सांगतात. जोडीला उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि कोलेस्टेरॉल, कारण पीसीओएसमध्ये खरा दूरचा धोका मधुमेहाचा असतो. मान काळी असेल तर साखरेच्या तपासण्या मी हार्मोन्सच्याही आधी ठेवीन.

रक्त देण्याचा दिवस महत्त्वाचा. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, सकाळी. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर टेस्टोस्टेरॉनचे आकडे फसवे येतात. खरे आकडे हवे असतील तर गोळी सुमारे तीन महिने बंद असावी लागते. ती कधी थांबवायची आणि तोवर दुसरं काय वापरायचं हे डॉक्टरांबरोबर ठरवा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या निदान दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे साफ चुकीचे येऊ शकतात, आणि त्या चुकीच्या आकड्यावर थायरॉइडची गोळी सुरू झाली की ती निस्तरायला महिने जातात.

सोनोग्राफीबद्दल थोडं. २००३ मध्ये रॉटरडॅम इथे ठरलेल्या निकषांनुसार पीसीओएस म्हणण्यासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, अँड्रोजेन जास्त असल्याची खूण किंवा आकडा, आणि सोनोग्राफीत अनेक छोट्या बीजपुटिकांचं अंडाशय. पहिल्या दोन असतील तर सोनोग्राफीवाचूनही निदान होतं. तिसरी एकटीच असेल तर पीसीओएस होत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालेल असं म्हटलं आहे. आणि पाळी सुरू होऊन आठ वर्षंही न झालेल्या मुलीला केवळ सोनोग्राफीवरून 'तुला पीसीओडी आहे' सांगू नये, कारण त्या वयात अंडाशय तसंच दिसतं. किती मुली त्या एका कागदामुळे वर्षानुवर्षं घाबरून राहिल्यात.

नुसत्या वांगासाठी फारशा रक्ततपासण्या लागत नाहीत. थायरॉइड पाहून घेतात. डाग किती खोल आहे हे त्वचारोगतज्ज्ञ वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याने किंवा डर्मोस्कोप या भिंगाने बघतात. वरवरचा लवकर हलतो, खोलवरचा हट्टी असतो.

पायरी ५: आधी काय थांबवायचं

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण उपचारांपेक्षा इथेच जास्त चेहरे बिघडतात.

घरातली ट्यूब उचला आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. वांगासाठी मिळणाऱ्या तीन औषधांच्या मिश्र क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि असंच एक स्टेरॉइड असतं. या मिश्रणाची मूळ कल्पना १९७५ ची, अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांची, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली ठरावीक आठवडे वापरलं तर ते खरंच काम करतं. गोची तिथेच आहे. दोन आठवड्यांत चेहरा उजळतो, बाई खूष होते, बहिणीला सांगते, बहीण वहिनीला. मेडिकलवाला 'ती गोरं करणारी ट्यूब' म्हणून चिठ्ठीशिवाय देतो. वर्षभरात चेहरा पातळ, लाल, उन्हात जळणारा, गालांवर बारीक रक्तवाहिन्या, लव वाढलेली आणि एकसारख्या मुरमांनी भरलेला. ट्यूब बंद केली की सगळं उफाळतं, म्हणून ती पुन्हा लावते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' असं रीतसर नाव दिलं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली. ती किती पाळली जाते हे तुमच्या गल्लीतलं दुकान सांगेल.

महिनोन्महिने लावत असाल तर एकदम फेकून देऊ नका. डॉक्टरांकडे ट्यूब घेऊन जा, ते ती टप्प्याटप्प्याने सोडवतील.

बिननावाच्या, आयात केलेल्या, घटकांची यादी नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमना हातही लावू नका. त्यात पारा असू शकतो, आणि पारा मूत्रपिंड बिघडवतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या बायकांची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आपल्या वर्तमानपत्रांत होती.

लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाणं हे डाग पाडण्याचं हुकमी तंत्र आहे. खायचा सोडा, टूथपेस्ट, अक्रोडाच्या सालीचा खरखरीत स्क्रब, मुरूम असताना ब्लीच आणि जोरदार मसाजचं फेशियल: सगळं बंद. हळद-बेसन-साय लावून कुणाला बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही, फक्त ते घासून काढू नका. हार्मोनच्या मुरमांवर त्याने काही होणार नाही, एवढंच.

पायरी ६: घरचा साधा नेम

सकाळी सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री फेसवॉश, औषध, मॉइश्चरायझर. सात बाटल्यांची रांग लागत नाही.

सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वर, शक्यतो ५०, आणि पीए+++ असलेलं. एसपीएफ हे मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या किरणांचं माप, पीए खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांचं. प्रमाण: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला. बहुतेकजणी याच्या निम्म्याहूनही कमी लावतात आणि 'मला सनस्क्रीन चालत नाही' म्हणतात. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा.

वांग असेल तर यात एक खास गोष्ट आहे. आपल्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही, त्यातला निळा-जांभळा भाग, वांग गडद करतो, आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन अडवतं. घटकांच्या यादीत हे नाव शोधा. स्कूटीवर पुणेरी पद्धतीने स्कार्फ गुंडाळत असाल तर छानच, पण पातळ ओढणीतून उजेड आरपार जातो. घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या आणि आत सनस्क्रीन लावाच. खिडकीची काच यूव्हीए अडवत नाही, त्यामुळे ऑफिसात खिडकीलगत बसणाऱ्यांनाही सुटका नाही.

मुरमांसाठी रात्री अडापालीन ०.१ टक्का. संपूर्ण चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. डोळ्यांच्या, ओठांच्या आणि नाकपुडीच्या कडा सोडून. त्वचा सोलली, चुरचुरली तर औषधाआधी आणि नंतर मॉइश्चरायझरचा थर द्या. पहिल्या महिन्यात मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटतात आणि इथेच निम्म्या बायका सोडून देतात. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के सकाळी चालतं. पण टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे वापरा, रंगीत कापड फटफटीत होतं.

मुरूम आणि डाग दोन्ही असतील, किंवा बाळाचा विचार चालू असेल, तर माझा कल अॅझेलेइक अॅसिडकडे, १० ते २० टक्के. हळू चालतं, पण मुरूम, डाग आणि वांग तिन्हींवर चालतं. सुरुवातीला थोडी खाज येते.

पायरी ७: डॉक्टर काय देऊ शकतात

प्रतिजैविक, बहुधा डॉक्सीसायक्लिन, सूज उतरवायला देतात. ते साधारण तीन महिन्यांच्या पुढे नेऊ नये आणि नुसतंही देऊ नये, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हवं.

हार्मोनवर थेट काम करणारी दोन औषधं. पहिलं, इस्ट्रोजेन असलेली संयुक्त गर्भनिरोधक गोळी. ती एसएचबीजी वाढवते आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी करते. ड्रोस्पिरेनोन किंवा सायप्रोटेरोन असलेल्या गोळ्या मुरमांसाठी बऱ्या. नुसत्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या साधनांनी, म्हणजे हार्मोनच्या आययूडीनेसुद्धा, काहींचे मुरूम वाढतात. ज्यांना डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी आहे, पूर्वी रक्ताची गाठ झाली आहे, रक्तदाब जास्त आहे, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान आहे त्यांना ही गोळी नको. आणि पेच असा की मुरमांना बरी ही गोळी वांग वाढवू शकते. दोन्ही असतील तर डॉक्टरांना दोन्ही दाखवा. मुरमांसाठी एक डॉक्टर आणि वांगासाठी दुसरे, आणि दोघांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नाही, असं घडू देऊ नका.

दुसरं स्पायरोनोलॅक्टोन. मूळचं रक्तदाबाचं आणि लघवीचं औषध, पण तेलग्रंथीच्या दारातच अँड्रोजेनला अडवतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असतानाही उपयोगी पडतं. ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांपर्यंत खऱ्या आणि खोट्या गोळीत फरक थोडाच होता. २४ आठवड्यांनी मात्र खरी गोळी घेणाऱ्या ८२ टक्के जणींना मुरूम सुधारल्यासारखे वाटले, खोटी घेणाऱ्यांत ६३ टक्के. तेव्हा महिनाभरात 'काही फरक नाही' म्हणून डॉक्टर बदलू नका. पाळी थोडी पुढेमागे होते, लघवीला जास्त जावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम तपासावं लागतं. या गोळीवर गर्भ राहता कामा नये.

आयसोट्रेटिनॉइन हे हट्टी मुरमांवरचं जबरदस्त औषध आहे आणि त्याहून जबरदस्त त्याची अट: गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भधारणा पूर्ण टाळायची. बाळात गंभीर व्यंग येतं. ही गोळी मैत्रिणीच्या पाकिटातून घेऊ नका. इन्सुलिनचा प्रश्न असेल तिथे मेटफॉर्मिन देतात. त्याने पाळी आणि साखर सुधारते, मुरमांवर परिणाम बेताचा.

वांगासाठी हायड्रोक्विनोन ठरावीक आठवडे. वर्षानुवर्षं लावलं तर त्वचा निळसर-काळी पडू शकते आणि मूळ रंग सहसा परत येत नाही. पोटातून ट्रानेक्झॅमिक अॅसिड, बहुधा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, हट्टी वांगावर चांगलं चालतं. पण ते रक्त गोठायला मदत करणारं औषध आहे. पूर्वी गाठ झाली असेल किंवा इस्ट्रोजेनची गोळी चालू असेल तर सांगायलाच हवं. आणि लेझर. सावळ्या त्वचेत लेझरने वांग आधी फिका पडून मग दुप्पट गडद होऊन परतल्याची उदाहरणं भरपूर आहेत. दिवाळीच्या ऑफरमध्ये लेझरचं पॅकेज घेऊ नका.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना

अडापालीन, ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन, डॉक्सीसायक्लिन, स्पायरोनोलॅक्टोन, आयसोट्रेटिनॉइन, सगळं बाजूला. अॅझेलेइक अॅसिड, थोडं बेंझॉइल पेरॉक्साइड आणि टिंटेड सनस्क्रीन चालतं. वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचजणींचा आपोआप फिका होतो. काहींचा राहतो. बारशाच्या फोटोंसाठी घाई करू नका.

खाणं आणि वजन

तेलकट वड्याने मुरूम येतात याला फारसा आधार नाही. साखर आणि मैद्याचं पारडं जड आहे, कारण त्याने इन्सुलिन उसळतं. दिवसातले चहा मोजा आणि प्रत्येकात किती चमचे साखर, ते गुणा. आकडा पाहून मीच दचकले होते. जिमसाठी व्हे प्रोटीन सुरू केल्यावर मुरूम आले असतील तर दोन महिने थांबवून बघा. पीसीओएस आणि वाढलेलं वजन असेल तर वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळी सुधारायला लागते. ७० किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो. मानेचा काळपटपणाही मग हळूहळू उतरतो, वजरीशिवाय.

कधी थांबायचं नाही

दोन-चार महिन्यांत झपाट्याने राठ केस वाढले, आवाज घोगरा झाला, पाळी बंद झाली, तर अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना हे तातडीने पाहावं लागतं. पोटावर रुंद जांभळ्या रेघा, चेहरा गोल आणि अंगावर सहज काळंनिळं होणं, यामागे अधिवृक्क ग्रंथीचं कॉर्टिसोल हे हार्मोन वाढलेलं असू शकतं. हिरड्या, तळहाताच्या रेषा आणि जुने व्रण काळे पडतायत, वजन घटतंय, उठलं की चक्कर, सारखं खारट खावंसं वाटतंय, तर तो ॲडिसनचा आजार, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी मंदावणं, असू शकतो. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचं एक महत्त्वाचं कारण. बाळ नसताना छातीतून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन तपासा.

बाकी सगळ्याला वेळ द्या. मुरमांना बारा आठवडे, डागांना सहा महिने, वांगाला त्याहून जास्त, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तो थोडा परत येईल हे धरूनच चाला. वहीतले फोटो तिसऱ्या महिन्याच्या शेवटी शेजारी ठेवा. माझ्या तिसऱ्या महिन्याच्या फोटोत हनुवटीवर एक मुरूम होता, आणि पाळीला चार दिवस होते.